आईला घेऊन लेह आणि चांगथांगचे तलाव : मार्गदर्शित सहल कशी निवडावी?

पारिजात (मुलुंड) यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईला लडाखला नेण्याचे आम्ही ठरवले आहे. ती ६६ वर्षांची आहे, रक्तदाबासाठी रोज एक गोळी घेते आणि एरवी प्रकृतीने चांगली आहे. सकाळी पाऊण तास चालणे तिने कधी चुकवलेले नाही. महापालिकेच्या शाळेत तिने तीस वर्षे भूगोल शिकवला. समुद्राला न मिळणाऱ्या नद्यांचे पाणी कुठे जाते, हे इतकी वर्षे फळ्यावर काढून दाखवले, आता ते पाणी एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे, असे ती निवृत्तीपासून म्हणते आहे. त्यामुळे या प्रवासात पँगाँग आणि त्सो मोरिरी हे तलाव मुख्य आहेत आणि लेह हे तिथवर पोचण्याचे ठिकाण आहे, अशी निदान माझी समजूत आहे.

सध्या दोन कार्यक्रम समोर आहेत. पहिला मुंबईच्या एका कंपनीचा सात दिवसांचा आहे : विमानाने लेह, दोन रात्री तिथे, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला या खिंडीवरून नुब्रा खोरे, चौथ्या दिवशी पँगाँग, पाचव्या दिवशी चुशूलमार्गे त्सो मोरिरी, सहाव्या दिवशी लेह आणि सातव्या दिवशी परत. दुसरा लेहमधल्याच एका सहल संयोजकाचा नऊ दिवसांचा आहे : लेहमध्ये तीन रात्री, नुब्राला दोन, पँगाँगला एक आणि शेवटी पुन्हा लेहमध्ये दोन, त्यात त्सो मोरिरी नाही. पहिल्यात मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि आपले जेवण आहे, म्हणून आईच्या मैत्रिणी त्याचाच आग्रह धरत आहेत. दुसऱ्यात लेहमध्ये चार दिवस नुसते घालवायचे आहेत, ते जरा जास्त वाटतात. ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हा प्रवास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डोंगरदिवा (डोंबिवली)

पारिजातताई, कोणताही लडाखचा कार्यक्रम हातात आला की आधी ठिकाणांची यादी बाजूला ठेवावी आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एका कागदावर लिहून काढावी, असे मी सगळ्यांना सांगतो. दिवसा खिंड ओलांडताना माणूस उंचावर तासभर असतो. त्रास बहुतेक वेळा रात्री, झोपेत सुरू होतो. आपल्या पहिल्या कार्यक्रमाचा कागद असा होईल : लेह सुमारे ३,५०० मीटर, दोन रात्री, नुब्रातील हुंदर सुमारे ३,१०० मीटर, पँगाँगकाठचे स्पांगमिक ४,२५० मीटरच्या आसपास, आणि त्सो मोरिरीकाठचे कोर्झोक ४,५०० मीटरच्या वर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबावे, असा गिर्यारोहण वैद्यकातला सर्वमान्य दंडक आहे. पहिल्या कार्यक्रमात चौथ्या रात्री शरीराला एकदम अकराशे-साडेअकराशे मीटरची उडी घ्यावी लागते आणि तिथून सावरायच्या आत पाचव्या रात्री आणखी वर जावे लागते. मुंबईत आपण समुद्रसपाटीवर राहतो. लेहमध्ये हवेचा दाब आपल्याकडच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास असतो आणि पँगाँगला तो साठ टक्क्यांच्या आसपास येतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही बारा जण मुंबईच्या एका कंपनीबरोबर गेलो होतो. हवामानामुळे विमान रद्द झाले, लेहला एक दिवस उशिरा पोचलो आणि कंपनीने एखादे ठिकाण गाळण्याऐवजी विश्रांतीचा दिवस गाळला, कारण पुढच्या तंबूंचे पैसे आधीच भरलेले होते. पँगाँगच्या मुक्कामात रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या तंबूतल्या गृहस्थांना आडवे होता येईना. ते पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, सारखा खोकला येत होता आणि बोलताना वाक्य पुरे होत नव्हते. टूर मॅनेजरने ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, मी बॅटरीचा प्रकाश त्याच्या तबकडीवर धरला, तर काटा लाल पट्ट्यात. आधीच्या गटाने वापरलेला सिलिंडर भरून न घेताच गाडीत ठेवला होता. दुसऱ्या गाडीतला सिलिंडर मिळेपर्यंतची ती पंचवीस मिनिटे मी विसरू शकलेलो नाही. त्यांना त्याच रात्री खाली तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात आणि मग लेहला नेले. ते बरे झाले, परंतु हे सगळे टाळता आले असते.

त्यातली आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. उंचीच्या आजारावर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो आणि पँगाँगहून लेहला उतरण्याच्या नेहमीच्या रस्त्यावर आधी चांग ला ही ५,३०० मीटरहून उंच खिंड चढावी लागते. म्हणजे दम लागलेल्या माणसाला उतरवण्यासाठी प्रथम हजारभर मीटर वर न्यावे लागते. त्यामुळे पँगाँगला जाणाऱ्याने तिथे पोचण्याआधीच सरावलेले असणे आवश्यक आहे.

आपला दुसरा कार्यक्रम या दृष्टीने पुष्कळ चांगला आहे. लेहच्या तीन रात्री आणि नुब्राच्या दोन, अशा पाच रात्री शरीराला मिळतात, आणि नुब्राहून श्योक नदीच्या काठाने दुर्बुकमार्गे पँगाँगला जाता येते. तरीही एक बदल मागून घ्या : पँगाँगच्या काठावर झोपण्याऐवजी तांगत्से गावात होमस्टे घ्यावा. ते तलावापेक्षा अडीच-तीनशे मीटर खाली आहे, तिथे आरोग्य केंद्र आहे आणि सकाळी लवकर निघून तलावावर दुपारपर्यंत थांबता येते. जुलैमध्ये बर्फ वितळल्याने श्योकच्या रस्त्यावरचे ओहोळ दुपारनंतर फुगतात, म्हणून हुंदरहून सकाळी सातच्या आत निघण्याची अट चालकाला घालावी.

औषधांविषयी आपल्या डॉक्टरांशीच बोला. उंचीच्या त्रासासाठी अॅसिटाझोलामाइड देतात, परंतु सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते चालत नाही. त्याने लघवीला वारंवार जावे लागते आणि बोटांना मुंग्या येतात, हेही आईंना आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या उगाच घाबरतील. रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते घ्यावे की नाही, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

माळढोक (विलेपार्ले)

उंचीविषयी डोंगरदिवांनी लिहिलेले सर्व मान्य आहे. तरीही दुसऱ्या कार्यक्रमाप्रमाणे त्सो मोरिरी सरसकट वगळणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण ताईंच्या आईंच्या इच्छेतच आहे.

पँगाँग सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे आणि त्याचा साधारण एक तृतीयांश भाग भारताच्या ताब्यात आहे. एके काळी त्याचे पाणी तांगत्सेच्या खोऱ्यातून श्योक नदीला आणि पुढे सिंधूला मिळत असे. तो मार्ग बंद झाला आणि तलाव कोंडला गेला. पूर्वेकडे, तिबेटात, गोडे पाणी येऊन मिळते, आणि पश्चिमेकडे सरकत आपल्या टोकापर्यंत येताना ते उत्तरोत्तर खारे होत जाते. आईंनी फळ्यावर जे शिकवले ते इथे पुरेपूर दिसते. काठावरच्या दगडांवर जिथे पाणी सुकलेले असते तिथे पांढरी कड दिसते. ओले बोट जिभेला लावले तर समुद्रासारखे खारट नव्हे, मचूळ लागते. परंतु लुकुंगपासून स्पांगमिकपर्यंतच्या पट्ट्यात जुलैमध्ये गाड्यांची रांग असते, छायाचित्रांसाठी मांडलेल्या स्कूटर आणि रंगीत खुर्च्या असतात, आणि शांतपणे तलाव पाहायचा असेल तर मान किंवा मेराक गावांपर्यंत पुढे जावे लागते.

त्सो मोरिरीला तसे नाही. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ते २००२ सालापासून आहे, काठावर कोर्झोक हे एकच मोठे गाव आणि तिथला मठ आहे, आणि उन्हाळ्यात तिथे पट्टकादंब वीण करतात. हिवाळ्यात आपण भिगवणला उजनीच्या जलाशयावर जे करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस पाहतो, तेच हे. मी डिसेंबरात उजनीवर त्यांना पाहिले आणि पुढच्या जूनमध्ये कोर्झोकच्या ओलसर कुरणात पिलांबरोबर पाहिले, तेव्हा दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेववेना. शेवटी सोबतच्या चांगपा मेंढपाळानेच गरम चहाचा पेला हातात ठेवून मला बसवले. काळ्या मानेचा क्रौंच, जो लडाखचा राज्यपक्षी आहे, तोही याच प्रदेशातल्या पाणथळींत दिसतो. भूगोल शिकवलेल्या बाईंना एवढे सगळे पाहायला मिळू नये, याचे मला वाईट वाटते.

डोंगरदिवांनी मांडलेला खाली उतरण्याचा मुद्दा इथे त्सो मोरिरीच्या बाजूने जातो, हेही नोंदवतो. कोर्झोक पँगाँगपेक्षा उंच आहे, हे खरे. परंतु तिथून लेहला येताना नामशांग ला ही त्या मानाने कमी उंचीची खिंड ओलांडली की माहेच्या पुलापासून पुढचा सगळा रस्ता सिंधूच्या काठाने उतरत येतो, वाटेत चुमाथांगचे गरम पाण्याचे झरे लागतात. चांग लासारखी चढण मध्ये येत नाही. मात्र अनेक कंपन्या परतीच्या वाटेवर त्सो कार हा आणखी एक तलाव जोडतात आणि त्याबरोबर ताग्लांग ला ही ५,३०० मीटरवरची खिंड येते. वयस्कर माणसाबरोबर परतताना सिंधूकाठचाच रस्ता मागून घ्यावा.

माझे मत असे आहे की दोन्ही तलावांचा हट्ट सोडावा, एकच निवडावा, आणि तो त्सो मोरिरी असावा. नुब्राहून लेहला परत येऊन एक रात्र राहावे आणि तिथून माहेमार्गे कोर्झोकला एका रात्रीसाठी जावे. पक्ष्यांच्या विणीची जागा असल्याने तिथे काठाला लागून तंबू ठोकणाऱ्या संयोजकाबरोबर कृपया जाऊ नये. गावातल्या घरी राहावे.

जुनी नकाशावही (गिरगाव)

मी या चर्चेत एकाच वाक्यासाठी आलो : “लेहमध्ये चार दिवस नुसते घालवायचे.” पारिजात, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो, हे वाक्य तुम्ही आईंसमोर उच्चारू नका.

लेह हे शहर त्या तलावांच्या प्रदेशावरच वाढलेले आहे. चांगथांगच्या उघड्या पठारावर चांगपा लोक ज्या शेळ्या पाळतात, त्यांच्या राठ केसांखालची मऊ लोकर म्हणजे पश्मिना. ती लेहला येई आणि इथून काश्मीरच्या मागांवर जाई. त्सो कारच्या काठचे मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून खालच्या खोऱ्यांत नेत आणि बदल्यात सातू आणत. १६८४ साली तिबेटशी तिंगमोसगांगचा जो तह झाला त्यात पश्चिम तिबेटातल्या या लोकरीच्या व्यापाराचे हक्क हे महत्त्वाचे कलम होते, कारण लडाखच्या राजाची तिजोरी तिच्यावर अवलंबून होती. उत्तरेकडून काराकोरम खिंड ओलांडून यारकंदचे काफिले येत, पूर्वेकडून ल्हासाचे येत, पश्चिमेकडून श्रीनगरचे. तलाव आधी पाहून मग शहर पाहिले, किंवा उलट, तरी दोन्हींची गोष्ट एकच आहे.

पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा, यात तडजोड नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईंना मुख्य बाजारात हळूहळू न्यावे. पदपथावर लडाखी बायका आपल्या मळ्यातली भाजी घेऊन ओळीने बसलेल्या असतात. आपल्या मंडईत चालते तशी भाजीवरची चौकशी तिथेही चालते आणि आई तिथे अर्धा तास सहज रमतील. बाजाराच्या टोकाला जामा मशीद आहे, ती १६६६-६७च्या सुमाराची. तिच्या मागच्या गल्लीत नानबाईंच्या, म्हणजे रोटी भाजणाऱ्यांच्या, भट्ट्या आहेत. पहाटे पाच-साडेपाचला तिथे गेलात तर जमिनीत पुरलेल्या तंदुराच्या भिंतीवर हाताने थापलेली रोटी लोखंडी आकड्याने काढून वर्तमानपत्रावर टाकताना दिसेल. ती हातात धरवत नाही इतकी गरम असते आणि वरची बाजू बोटांच्या ठशांनी खळग्याखळग्यांची झालेली असते. तिथून काही पावलांवर त्सास सोमा आहे, जिथे मध्य आशियाचे काफिले उतरत. तिथे आता मध्य आशियाई संग्रहालय उभे आहे. यारकंदी आणि काश्मिरी व्यापाऱ्यांनी लडाखी स्त्रियांशी लग्ने केली, त्यांच्या वंशजांना अर्घोन म्हणतात आणि ती कुटुंबे आजही लेहमध्ये आहेत. मार्गदर्शक घ्यायचाच असेल तर या गल्ल्यांसाठी घ्या, कारण भिंतीवर पाटी नसलेल्या गोष्टी तोच सांगू शकतो.

राजवाडा मात्र तिसऱ्या दिवसाआधी नको. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा सेंगे नामग्यालच्या काळात बांधलेली ही नऊ मजली वास्तू माती, दगड आणि लाकडाची आहे, आत उंच पायऱ्या आणि ठेंगणी दारे आहेत. गावातून चढून जाण्याऐवजी गाडीने वरच्या दारापर्यंत जावे. १८३४ साली जोरावरसिंगाच्या डोगरा सैन्याने लडाख जिंकल्यानंतर राजघराणे सिंधूपलीकडच्या स्तोक गावी राहायला गेले आणि हा वाडा रिकामा पडला. सज्जात उभे राहिले की खाली जुन्या गावाची सपाट धाबी दिसतात, त्यांच्या कडेने रचलेला चारा आणि जळण दिसते. २०१० सालच्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली तेव्हा चिखलाच्या लोंढ्याने या खोऱ्यात किती हानी केली, हे तिथल्या कोणत्याही माणसाला विचारा. कमी पावसाच्या प्रदेशातली मातीची घरे म्हणजे काय, हे भूगोलाच्या शिक्षिकेला वेगळे सांगावे लागणार नाही.

लेहच्या दिवसांपैकी एक आल्चीला द्यावा. ते पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर आणि लेहपेक्षा खाली आहे, त्यामुळे शरीरालाही बरे. तिथल्या मंदिरांतली अकराव्या-बाराव्या शतकांच्या आसपासची भित्तिचित्रे पाहताना आत अंधार असतो आणि छायाचित्रे काढू देत नाहीत; लहान विजेरी न्यावी. वाटेत निम्मूला झांस्कर सिंधूला मिळते, दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारीशेजारी वाहते. आईंना तिथे थोडा वेळ एकटे उभे राहू द्या.

मोगरा (ठाणे)

मराठी टूर मॅनेजर आणि जेवणाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. सासूबाईंना घेऊन आम्ही गेलो तेव्हा मुंबईच्या कंपनीबरोबरच गेलो होतो आणि बोलीभाषेतला माणूस सोबत असल्याचा त्यांना खरोखर आधार वाटला, तेव्हा ती गरज क्षुल्लक नाही. परंतु कंपनी कुठलीही असली तरी लडाखमध्ये गाडी आणि चालक स्थानिकच असतात आणि अडचणीच्या वेळी निर्णय बहुतेक त्याच चालकाच्या अनुभवावर होतो. उंचीवर भूकही कमी होते. मऊ भात, मेतकूट, सुंठ घातलेला चहा एवढ्यावर सासूबाईंचे दोन दिवस गेले. मेतकूट घरून न्यावे, बाकीचे तिथे मिळते. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून दोघींपैकी एकीकडे तरी पोस्टपेड असावे, मूळ ओळखपत्रे हाताशी ठेवावीत आणि पुरेशी रोकड लेहमध्येच काढून घ्यावी.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अवश्य न्या, पण त्याच्या आकड्याकडे बघत बसू नका. लेहमध्ये नव्वदच्या खालचा आकडा निरोगी माणसालाही दिसतो. आई जेवल्या का, सरळ रेषेत चालतात का, बसल्या जागी धाप लागते का, याकडे लक्ष द्यावे.

पारिजात (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. गिरगावच्या काकांचे उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवले. त्यावर तिने जुनी नकाशावही खरोखरच माळ्यावरून काढायला लावली आणि तिंगमोसगांग कुठे आहे ते शोधत बसली.

आम्ही लेहच्या संयोजकाला लिहून बदल कळवले आहेत. दहा दिवस : लेहमध्ये तीन रात्री आणि त्यांतला एक दिवस आल्ची, हुंदरला दोन, पुन्हा लेहला एक, मग माहेमार्गे कोर्झोकला गावातल्या घरी एक, आणि सिंधूकाठाने लेहला परतून दोन. पँगाँग या खेपेला सोडले. एकच शंका उरली आहे : हुंदर ३,१०० मीटर, लेह ३,५०० आणि मग कोर्झोक ४,५००, ही उडीही हजार मीटरची होतेच ना?

डोंगरदिवा (डोंबिवली)

होते, आणि आपण ती कागदावर मांडून ओळखलीत हे फार चांगले झाले. सहा रात्री सरावात गेल्यानंतरची उडी तिसऱ्या-चौथ्या रात्रीच्या उडीइतकी कठीण नसते, तरीही ती मोडता येते. लेहच्या शेवटच्या दोन रात्रींपैकी एक आधी काढून चुमाथांगला घ्या. ते लेह आणि कोर्झोकच्या मध्ये, सुमारे ४,००० मीटरवर आहे. रात्री पाऊल गरम पाण्यात सोडून बसता येते. आणि संयोजकाकडून दोन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या : कोर्झोकला जाणाऱ्या गाडीत भरलेला सिलिंडर असेल आणि निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः त्याचा काटा पाहाल; आणि विमान एक दिवस चुकले तर विश्रांतीचा दिवस न गाळता नुब्रा गाळले जाईल. उत्तर आले की इथे कळवा.

पारिजात (मुलुंड)

दोन्ही अटी त्यांनी काल संध्याकाळी लेखी मान्य केल्या आणि चुमाथांगची रात्रही धरली. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे.